सुई हाती घेण्याआधी

युगांडाला स्वयंसेवक पशुवैद्यक म्हणून जायचं ठरलं की डोळ्यांपुढे आधी काम उभं राहतं. लांब शिंगांच्या अंकोले गाई, रेबीजच्या लसीसाठी मुलांनी सुतळीला बांधून आणलेली कुत्री, जंतनाशक पाजायला थांबलेल्या शेळ्या. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी किंवा नागपूरहून शिकून बाहेर पडलेला डॉक्टर या कामाला बिचकत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात त्याने याहून मोठी गर्दी निस्तरलेली असते. अडचण येते ती पोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आणि त्या दिवसांबद्दल निघण्याआधी फारसं कुणी बोलत नाही.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस जनावराला सुई लावू नका. तिथल्या पशुवैद्यकाबरोबर फिरा, त्याचं काम बघा, त्याची औषधांची पेटी बघा, प्रश्न विचारा. दोन आठवड्यांच्या दौऱ्यातले तीन दिवस असे ‘वाया’ घालवणं अवघड वाटतं, हे मी जाणतो. पण पुढचं सगळं काम याच दिवसांवर उभं राहतं. ते का, हे पुढे येईलच. आधी निघण्यापूर्वीच्या गोष्टी बघू, कारण विमानतळावर अडकलेल्या माणसाला कुठलाच सल्ला उपयोगी पडत नाही.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. पहिली गोष्ट पीतज्वराची लस. तिचं प्रमाणपत्र नसेल तर युगांडात प्रवेश मिळत नाही, आणि परत येताना भारतातही तुम्हाला अडवतात. पीतज्वराच्या देशातून लस न घेता आलेल्या प्रवाशाला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा नियम कडक असण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ही लस मिळते. टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र ग्राह्य धरतात आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची असून ती कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते. त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी सविस्तर बोला. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत ते मुळीच टाकू नका.

दुसरी गोष्ट रेबीजची. आपल्यापैकी अनेकांनी महाविद्यालयात असतानाच दंशपूर्व लस घेतलेली असते, पण पुढे तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. आपल्याकडे ती शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. फार वर्षं झाली असतील तर रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या. मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा ती कमी असतील तर बूस्टर घ्या. याचा खरा फायदा चावा बसल्यावर कळतो. लसीकरण झालेल्याला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी दुसरी मात्रा घ्यायची, एवढं पुरतं. ग्रामीण युगांडात इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर मिळेल असा भरवसा धरू नका.

तिसरी गोष्ट मलेरिया. ‘आपल्याकडेही मलेरिया असतोच की’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्याबद्दल स्पष्ट बोललंच पाहिजे. युगांडात सर्रास आढळतो तो फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत पोचणारा आणि काही दिवसांत जीव घेणारा मलेरिया. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात त्याविरुद्ध काही ताकद नसते. क्लोरोक्विनचा तिथे उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन यांपैकी एक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायची, आणि परतल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घेत राहायची. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिने कातडी उन्हाला हळवी होते. मेफ्लोक्विनने काहींची झोप आणि मन बिघडतं, म्हणून ज्यांना नैराश्याचा त्रास झालेला आहे त्यांनी ती टाळावी. या गोळ्यांच्या जोडीला मच्छरदाणी हवीच. टायफॉईड, काविळीची ‘अ’ लस आणि धनुर्वात यांची चौकशी त्याच भेटीत उरकून घ्या.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण त्यातच तुमची तिथली प्रतिष्ठा आहे. भारतातली पदवी आणि नोंदणी युगांडात आपोआप चालत नाही. तिथे युगांडा व्हेटरनरी बोर्ड आहे. परदेशी पशुवैद्यकाला काम करायचं असेल तर यजमान संस्थेमार्फत त्यांच्याकडे विचारणा करावी लागते. नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडून नोंदणी चालू असल्याचं आणि वर्तणूक निर्वेध असल्याचं पत्र घ्या. पदवीची साक्षांकित प्रतही जवळ ठेवा. व्हिसाचा अर्ज निघण्याआधी ऑनलाइन करायचा असतो. पर्यटक व्हिसावर ‘थोडंसं काम’ चालेल असं गृहीत धरू नका. कोणत्या प्रकाराचा व्हिसा घ्यायचा ते यजमानांकडून लेखी मागून घ्या. एखादी संस्था यावर ‘कुणी विचारत नाही हो’ असं उत्तर देत असेल, तर त्या संस्थेबरोबर जाण्याचा पुन्हा विचार करावा, असं माझं मत आहे.

आता सामान. औषधांनी बॅग भरून न्यायचा मोह आवरा. केटामाइन तर सोबत घेऊच नका. भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि ते घेऊन सीमा ओलांडणं हा तुमच्या हेतूशी काही संबंध नसलेला गुन्हा ठरू शकतो. बाकीच्या औषधांनाही युगांडाच्या राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय इथली औषधं तिथे नेण्यात अर्थ किती, हाही प्रश्न आहे. कंपालामध्ये पशुवैद्यकीय औषधांची दुकानं आहेत. जे तिथे विकत मिळतं तेच वापरावं, कारण तुम्ही परतल्यानंतर त्या शेतकऱ्याला तेच मिळणार आहे. न्यायचंच असेल तर हे न्या: स्वतःचा स्टेथोस्कोप, थर्मामीटर, डोक्याला लावायचा दिवा, चांगले हातमोजे, विरघळणारे टाके, मापाची टेप, जाड वही. ब्लेड, सुया, कात्र्या चेक-इनच्या बॅगेत आणि बॅटऱ्या, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, त्यासाठी अडॅप्टर लागेल.

गमबूट इथूनच नेऊ नका. तिथे नवे घ्या आणि निघताना तिथेच कुणा सहायकाला देऊन या. यात औदार्यापेक्षा मोठं कारण आहे. लाळ-खुरकुताचे विषाणू बुटांच्या तळव्याला चिकटून प्रवास करतात. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे प्रकार आढळतात. युगांडात ओ आणि ए सोबत सॅट गटातले प्रकार आहेत, आणि आपल्या गुरांना टोचली जाणारी लस त्यांच्याविरुद्ध कामाची नाही. कुणाच्या तरी बुटाला लागलेल्या शेणातून तो प्रकार बारामतीच्या किंवा कोल्हापूरच्या गोठ्यात उतरला तर काय होईल, हे गाईच्या दुधावर घर चालवणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

कपड्यांबद्दल दोन सूचना. सैनिकी नक्षीचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे युगांडात सामान्य नागरिकाने घालायला बंदी आहे. आणि गडद निळे, काळे कपडे टाळा, कारण त्सेत्से माशी याच रंगांकडे खेचली जाते. तिला पकडायचे सापळे म्हणूनच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. ही माशी दिवसा चावते, पातळ कापडातूनही चावते, आणि डास पळवणाऱ्या मलमाला फारशी जुमानत नाही. फिक्या खाकी रंगाचे, जरा जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

ऑक्टोबर २०२३मध्ये युगांडा एअरलाइन्सने मुंबई ते एन्टेबे थेट विमान सुरू केलं. एरवी आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे जाता येतं. एन्टेबेचा विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे. विषुववृत्त इथून अगदी जवळ, म्हणून विमानातून उतरताना घामाने निथळण्याची तयारी ठेवून आलेल्यांना गार वारा लागतो आणि आश्चर्य वाटतं. हा सगळा भाग समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडा कमी, पण पुण्याच्या दुपटीने उंच. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. हवा गार असली तरी ऊन फसवं आहे. माथ्यावरच्या सूर्याने ढगाळ दिवशीही मान भाजते. टोपी लागेलच.

विमान रात्री उतरणार असेल तर ती रात्र एन्टेबेतच काढा. अंधारात रस्त्याने लांबचा प्रवास करू नये, हा नियम पूर्ण दौऱ्यासाठी पाळा. तिथे माणसाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका सापाचा किंवा सिंहाचा नसून रस्त्याचा आहे. बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. ती सगळीकडे, स्वस्त आणि चटकन मिळते. हेल्मेटशिवाय तिच्यावर बसू नका आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन तर नकोच. सकाळी कंपालाकडे निघालात की वाटेत झिका नावाचं जंगल लागतं. १९४७मध्ये इथेच, पीतज्वराच्या संशोधनासाठी ठेवलेल्या एका ऱ्हिसस माकडात झिकाचा विषाणू पहिल्यांदा सापडला. ज्या संशोधन संस्थेचं हे काम, ती एन्टेबेत १९३६पासून आहे आणि आजही चालू आहे. मागास देशाला शिकवायला निघालो आहोत असं मनात कुठे असेल, तर ते या रस्त्यावरच उतरवून ठेवावं.

पोचल्याबरोबर एक व्यावहारिक गोष्ट समजून घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे लावायचं, हे सोपं. पण गावात वेळ सांगतात ती सूर्योदयापासून मोजलेली. सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’, नऊ म्हणजे ‘तीन’. शेतकऱ्याने लुगांडा भाषेत ‘तीन वाजता गुरं आणतो’ म्हटलं आणि तुम्ही दुपारी तीनला पोचलात, तर तो सकाळपासून गुरं बांधून थांबलेला असतो. वेळ ठरवताना ‘सकाळी की दुपारी’ हे दुभाष्याकडून दोनदा पक्कं करून घ्या.

आता त्या पहिल्या तीन दिवसांकडे येतो.

जिल्ह्याचा पशुवैद्यकीय अधिकारी हा तुमचा पहिला मुक्काम. आपल्याकडे जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना न सांगता कुणी परदेशी पथक येऊन गावात सुया टोचू लागलं, तर काय वाटेल? तिथेही तेच वाटतं. त्यांना भेटा आणि जिल्ह्यात सध्या कुठल्या रोगामुळे बंदी आहे का, ते विचारा. लाळ-खुरकुताची साथ आली की जनावरांची ने-आण थांबवतात, बाजार बंद करतात. अशा वेळी गावोगाव हिंडणारं तुमचं पथकच साथ पसरवू शकतं. कुठली लस कधी दिली गेली आहे, कुठल्या गावात पशुसेवक आहे, तो कसल्या कामाचे किती पैसे घेतो, हेही विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

भेटताना घाई करू नका. कामाचं बोलण्याआधी तिथे विचारपूस होते. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गुरं कशी आहेत. काम करत असलेल्या माणसाला ‘जेबालेको’ म्हणतात, त्याच्या कष्टाबद्दल आभार मानतात. पुरुषाला ‘सेबो’, बाईला ‘न्याबो’, आणि आभारासाठी ‘वेबाले’. एवढे शब्द पहिल्याच दिवशी तोंडात बसवा. बुगांडा भागात बायका गुडघे टेकून अभिवादन करतात. तुम्ही तसं करायची अपेक्षा नसते. फक्त दचकू नका आणि मान झुकवून उत्तर द्या.

भारतीय चेहऱ्याला तिथे एक इतिहास चिकटलेला आहे, तो माहीत असू द्या. ब्रिटिशांनी रेल्वे बांधायला नेलेल्या मजुरांच्या मागोमाग व्यापारी गेले आणि बाजारपेठा त्यांच्या हातात आल्या. १९७२मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. पुढे काही परतले. आज कंपालात भारतीय किराणा सहज मिळतो, पण गावातल्या माणसाला भारतीय म्हणजे दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालक एवढीच ओळख असू शकते. त्यामुळे ‘औषधाचे पैसे किती घेणार?’ हा प्रश्न तुम्हालाच आधी विचारला जाईल. चिडू नका. गोठ्यात वाकून काम करणारा भारतीय पाहिला की ती ओळख आपसूक बदलते.

सर्वांत जास्त वेळ रोगांवर द्या, कारण भारतीय पशुवैद्यकाची खरी फसगत इथेच होते. तिथली पुष्कळ लक्षणं ओळखीची वाटतात, पण मागचं कारण वेगळं असतं. गाईला ताप आहे, कानाखालच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजल्या आहेत, अंगावर गोचीड आहेत. आपण म्हणणार थायलेरिया, गोचीडताप. बरोबर आहे, पण आपल्याकडचा थायलेरिया ॲन्युलाटा आणि तिथला थायलेरिया पार्व्हा, पूर्व किनारी तापाचा. तो मुख्यतः लसीका पेशींत वाढतो, म्हणून आपल्या सवयीसारखी डोळ्यांत भरणारी पांढुरकी पापणी दरवेळी दिसेलच असं नाही. जनावर फुप्फुसांत पाणी भरून, नाकातोंडातून फेस येऊन मरतं. ब्युपार्व्हाक्वोन दोन्हीकडे चालतं, पण ते लवकर दिलं तरच. फेस दिसू लागल्यावर नाही. विलायती संकरित गाई याला पटकन बळी पडतात. लहानपणापासून गोचीड अंगावर खेळवलेली स्थानिक गुरं बरीच तग धरतात. हा फरक पुस्तकात वाचून कळतो, पण हाताला कळायला तिथल्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहून दहा-वीस गाठी चाचपाव्या लागतात.

दुसरं उदाहरण ट्रिपॅनोसोमचं. सर्रा झालेला बैल किंवा घोडा आपण पाहिलेला असतो. तिथे याच कुळातले दुसरे परोपजीवी त्सेत्से माशी पसरवते, गाई वाळत जातात, रक्त कमी होतं, ताप येतो-जातो, गाभ पडतो. डिमिनाझिन आपल्या ओळखीचं औषध आहे, आयसोमेटामिडियमही वापरतात. पण युगांडाच्या आग्नेय भागात गाईच्या रक्तातला एक प्रकार माणसाला निद्रारोग देतो, आणि गाय मात्र वरून धडधाकट दिसते. अशी गुरं बाजारातून विकत उत्तरेकडे गेली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. २००६मध्ये तिथे मोठी मोहीम निघाली. मॅकेरेरे विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून गुरांना औषध टोचलं आणि कीटकनाशक फवारलं. पुढे अख्ख्या अंगाऐवजी माशी जिथे चावते ते पाय आणि पोट एवढंच फवारायची पद्धत तिथे रुजवण्यात आली, कारण खर्च शेतकऱ्याला पेलायला हवा होता. गाईवर उपचार करून माणसाचा रोग अडवण्याचं हे काम तिथल्याच विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. त्यांच्यापैकी कुणी तुमचा सहकारी असू शकतो. त्याच्याकडून ते ऐकून घ्या.

गोचीडनाशकाबाबत तर विशेष सावध राहा. युगांडाच्या नैऋत्य भागातले गोचीड बऱ्याच औषधांना दाद देईनासे झाले आहेत. शेतकरी हतबल होऊन दोन औषधं एकत्र कालवतात, मात्रा वाढवतात. तुम्ही आणखी एखादं नवं औषध सांगून निघून आलात तर त्या गोंधळात भर पडेल. तिथे काय ठरलं आहे ते विचारा आणि तेच सांगा.

काळपुळीचा नियम इथला तोच तिथे. अचानक मेलेलं, नाकातून न गोठणारं रक्त आलेलं जनावर फाडायचं नाही. पुरायची व्यवस्था स्थानिक अधिकाऱ्यानेच करायची. गिधाडांची आठवणही ठेवा. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं संपत आली आणि २००६मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. युगांडात गिधाडं अजून आहेत. वेदनाशामक हवंच असेल तर मेलोक्सिकॅम वापरा आणि कारण सहकाऱ्याला सांगा. हे ज्ञान आपल्याला फार महागात पडलेलं आहे.

कुत्र्यांच्या कामात गोव्याचा अनुभव उपयोगी पडेल. मिशन रेबीजच्या गोव्यातल्या मोहिमेत जाळं टाकून कुत्री पकडणाऱ्यांबरोबर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना सत्तर टक्के कुत्र्यांना लस देण्याचं गणित पाठ असतं. युगांडाच्या गावात मात्र बहुतेक कुत्र्यांना घर असतं, आणि शाळकरी मुलं ती हातात धरून आणतात. म्हणून लस देण्याइतकंच काम मुलांना रांगेत अंतर ठेवून उभं करण्याचं असतं. दोन कुत्र्यांची जुंपली की चावा मुलालाच बसतो. टेबलाशेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवल्याशिवाय लसीकरण सुरू करू नका. नसबंदीच्या शस्त्रक्रियांबाबत माझं मत ठाम आहे. पाचव्या दिवशी टाके बघायला कुणी नसेल, तर शस्त्रक्रिया करू नका. विरघळणारे, कातडीच्या आत घातलेले टाके वापरले तरी सूज, पू, उलगडलेली जखम यांना बघणारा माणूस लागतोच. तुम्ही शनिवारी तीस कुत्र्या उरकून रविवारी विमानात बसलात, तर मेलेल्या प्रत्येक कुत्रीचा हिशेब तिथल्या डॉक्टरला द्यावा लागतो.

आणि फुकट उपचारांबद्दल. गावातला पशुसेवक जंत पाडायच्या औषधावर, एखाद्या इंजेक्शनवर आपलं घर चालवतो. तुम्ही येऊन तीनशे शेळ्यांना फुकट औषध पाजलं की पुढचे दोन-तीन महिने त्याला कुणी बोलावत नाही. त्याने तोपर्यंत दुसरं काम धरलं, तर गाव पुढच्या संकटात एकटं पडतं. म्हणून शिबिर त्याच्या हातून करा. औषध त्याने पाजावं, शेतकऱ्याने नेहमीचे पैसे त्यालाच द्यावेत, आणि तुम्ही वजन टेपने मोजून मात्रा ठरवायला, स्मिअर वाचायला, अवघड विण्याच्या वेळी हात घालायला उभं राहावं. प्रत्येक जनावराची नोंद करा: मालक, औषध, मात्रा, दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही. निघताना वही अधिकाऱ्याकडे द्या.

राहण्या-खाण्याबद्दल थोडक्यात. शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होत नाही. मातोके म्हणजे वाफवून कुस्करलेली हिरवी केळी, शेंगदाण्याची दाट आमटी, मक्याचा पोशो, घेवड्याची उसळ, आणि डोडो नावाची पालेभाजी, जी खाल्ल्यावर माठाची आठवण होते. चपाती रस्त्यावर मिळते. ‘आफ्रिकन टी’ मागितला की दुधात उकळलेला चहा येतो. कच्चं दूध मात्र कितीही मायेने पुढे केलं तरी पिऊ नका. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू त्यातून येतात. ‘उकळून चहा करता का?’ असं विचारलं तर यजमानाचा मान राहतो.

सरोवराचं पाणी कितीही निवांत दिसलं तरी काठाच्या उथळ पाण्यात उतरू नका. गोगलगाईंतून येणाऱ्या शिस्टोसोमच्या अळ्या कातडीतून आत शिरतात. अनवाणी चालू नका, जिगर नावाची वाळूतली पिसू नखाखाली घर करते. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर मँगो फ्लाय अंडी घालते आणि अळ्या कातडीत फोडासारख्या वाढतात. तुम्हाला त्या कुत्र्यांच्या अंगावर दिसतीलच. त्यावर उपाय एकच, अंतर्वस्त्रांसकट प्रत्येक कपड्याला गरम इस्त्री. वटवाघळांच्या गुहांत सहलीला जाऊ नका. पायथन केव्ह नावाच्या गुहेत जाऊन आलेल्या एका डच पर्यटक बाईचा २००८मध्ये मारबर्ग तापाने मृत्यू झाला. मेलेल्या वन्य प्राण्याला हात लावणं हेही तुमचं काम नाही. तसं काही आढळलं तर कळवा आणि लांब राहा.

परतताना नमुने, कातडी, मांस, चीज यांपैकी काहीही बॅगेत नको. कपडे गरम पाण्यात धुवा, उपकरणं जंतुनाशकात बुडवून कोरडी करा, आणि घरी आल्यावर निदान पाच-सहा दिवस कुठल्याही गोठ्यात जाऊ नका. मलेरियाच्या गोळ्या मुदत संपेपर्यंत घ्या. पुढच्या तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर ‘फ्लू असेल’ म्हणून अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की युगांडाहून आलोय आणि गुरांमध्ये काम केलंय. अंगावर कुठे माशी चावून लालबुंद, दुखरी गाठ आली असेल तर ती दाखवा. स्मिअरमध्ये मलेरियाबरोबर ट्रिपॅनोसोमही शोधायला सांगा. इथल्या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तात तो कुणी सहसा पाहिलेला नसतो. तुम्ही सर्राच्या स्मिअरमध्ये पाहिलेला असतो, म्हणून शक्य झालं तर सूक्ष्मदर्शकाला स्वतःही डोळा लावा.